‘दाना नहीं’ : जळगावातील एका कौटुंबिक जेवणाचे प्रकरण

मी आहारतज्ज्ञ म्हणून खानदेशात काम करते. खाली मांडलेले, शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या एका आठ वर्षांच्या मुलीचे प्रकरण संबंधित कुटुंब आणि हॉटेलचे मालक या दोघांच्याही संमतीने लिहिले आहे. कोणाचेही नाव, गाव वा हॉटेलचा पत्ता त्यात नाही. घटनेनंतर चार दिवसांनी मुलीची आई माझ्याकडे आली, आणि पुढील दोन आठवड्यांत मी कुटुंबातील चौघांशी, मालकांशी, वाढप्याशी आणि आचाऱ्याशी स्वतंत्रपणे बोलले. ज्या गोष्टीवर दोघांचे म्हणणे जुळले, तीच येथे घटना म्हणून नोंदवली आहे.

पार्श्वभूमी

कुटुंब जळगाव शहरापासून तासाभराच्या अंतरावरील एका तालुक्याच्या गावचे. घरात आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडे अशी नऊ माणसे. शेती केळीची आणि कापसाची. धाकटा मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला असतो. थोरल्या मुलाची धाकटी मुलगी आठ वर्षांची असून तिला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. अडीच वर्षांची असताना शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा खाल्ल्यावर तिच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या होत्या. पुढे तपासणीत शेंगदाण्याचेच निदान झाले. तीळ, काजू, सोयाबीन आणि हरभरा तिला चालतात.

खानदेशातील घरात हे पथ्य सांभाळणे किती कठीण आहे, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहज येणार नाही. आपल्या भरितात भाजलेल्या वांग्याबरोबर कांद्याची पात, हिरवी मिरची आणि तेलात परतलेले दाणे असतात. शेवभाजीच्या रश्श्याला दाटपणा यावा म्हणून पुष्कळ घरांत वाटणात दाणे घालतात. उसळीवर, कोशिंबिरीत, वांग्याच्या भाजीत कूट असते, आणि एकादशीला तर साबुदाण्यापासून आमटीपर्यंत सगळे दाण्यांवरच चालते. तेलही अनेक घरांत घाण्याचे. शुद्धीकरण केलेल्या तेलात शेंगदाण्याची प्रथिने जवळजवळ उरत नाहीत, घाण्याच्या तेलात मात्र ती उरतात, आणि अॅलर्जी होते ती या प्रथिनांमुळे. या मुलीच्या आईने गेल्या पाच वर्षांत घरचे तेल सूर्यफुलाचे केले, कुटाच्या जागी तीळ आणि सुके खोबरे आणले, आणि सासूबाईंच्या उपवासाच्या पदार्थांसाठी वेगळी कढई आणि वेगळा डबा ठेवला. सासूबाईंनीही ते मनापासून पाळले. घरात पाच वर्षे एकदाही त्रास झाला नाही, ही त्या दोघींची कमाई आहे आणि ती या लिखाणात पुसली जाऊ नये.

घरी नीट चाललेल्या या व्यवस्थेची दुसरी बाजू अशी, की घराबाहेर काय करायचे याचा विचार फारसा झालाच नव्हता. लग्नकार्यात मुलीसाठी घरचा डबा जात असे. हॉटेलात जाण्याचे प्रसंग विरळ. गेलेच तर इडली किंवा साधा डोसा मागवायचा आणि चटणी बाजूला ठेवायची, एवढीच रीत होती. औषध म्हणून आईच्या पिशवीत सेटिरिझिनची बाटली असे. त्रास झाला तर कोणत्या लक्षणाला काय करायचे, हे कोणी लिहून दिलेले नव्हते. डॉक्टरांनी ‘दाण्यांपासून दूर ठेवा’ असे सांगितले होते, आणि घरच्यांनी तेवढेच लक्षात ठेवले होते.

प्रसंग आणि प्रश्न

थोरल्या नातीचा दहावीचा निकाल चांगला लागला. धाकटे काका सुटीवर आले होते. ‘ताईला हवे तिथे जेवायला जाऊ’ असे त्यांनी जाहीर केले, आणि ताईने जळगावातील एका नव्या हॉटेलाचे नाव घेतले. तेथे चायनीज आणि मेक्सिकन पदार्थांची सांगड घालून जेवण मिळते: मंचुरियन भरलेला टाको, नूडल्सचा बुरिटो, शेजवान केसाडिया (केसाडिया म्हणजे टॉर्टिया या मेक्सिकन पोळीत चीज भरून भाजलेला पदार्थ), नाचोजवर चिली गार्लिक सॉस. बसायला साधी लाकडी बाकडी, भिंतीवर रंगीत चित्रे, दर खिशाला परवडणारे. महाविद्यालयीन मुलांची तेथे गर्दी असते.

ही सांगड वरवर वाटते तितकी ओढूनताणून केलेली नाही. 1565 ते 1815 या काळात मनिला आणि मेक्सिकोचे आकापुल्को बंदर यांच्यामध्ये गलबते ये-जा करत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मेक्सिकाली या सरहद्दीवरील शहराच्या परिसरात कापसाच्या शेतांवर राबायला चिनी मजूर आले, आणि त्यांच्या वस्तीतील खाणावळींतून चिनी-मेक्सिकन जेवणाची एक जुनी परंपराही घडली. ज्या गोष्टींवाचून आपले, चिनी आणि मेक्सिकन असे कोणतेच जेवण आज ओळखू येणार नाही, ती मिरची आणि तो शेंगदाणा या दोन्ही वस्तू मुळात अमेरिका खंडातल्या. या प्रकरणात त्याचा थेट संबंध येतो. चिनी जेवणात कुंग पाओसारख्या पदार्थात अख्खे दाणे असतात, तेलात मुरवलेल्या काही मिरच्यांत दाण्यांचे तुकडे असतात. मेक्सिकोत मोले या दाट रश्श्याच्या काही प्रकारांत दाणे वाटून घालतात, आणि साल्सा माचा नावाचा तेलातला मिरचीचा ठेचा तर बहुधा शेंगदाणे घालूनच करतात. वर हॉटेल खानदेशातले. म्हणजे तिन्ही बाजूंनी दाणा येऊ शकेल अशा ठिकाणी हे कुटुंब निघाले होते, आणि खाद्यपत्रिकेवरील नावांवरून ते कळण्याची सोय नव्हती. ‘शेजवान केसाडिया’ या दोन शब्दांत आत काय आहे, हे आजोबांनाच काय, मलाही वाचून सांगता आले नसते.

प्रश्न असा होता : आठ वर्षांच्या मुलीला एकटे न पाडता, ताईच्या आनंदावर विरजण न घालता आणि नऊ माणसांचा बेत न मोडता, तिला या हॉटेलात सुरक्षितपणे जेवू कसे घालायचे?

कोणते पर्याय विचारात घेतले

घरातून निघण्यापूर्वी तीन पर्यायांवर बोलणे झाले. पहिला, मुलीसाठी घरून डबा नेण्याचा. आईचा कल याकडे होता; परंतु मुलगी रडवेली झाली, ‘मीच दर वेळी डबा का खायचा’ असे तिने विचारले, आणि काकांनी तिची बाजू घेतली. दुसरा पर्याय महामार्गावरील ओळखीच्या ढाब्याचा होता. तेथील मालक घरोब्याचे. पण शेवभाजी, भरीत, बट्टी यांच्या त्या जेवणात दाण्यांचा धोका कमी नव्हता, उलट जास्तच होता, हे आजींनीच लक्षात आणून दिले. तिसरा पर्याय नव्या हॉटेलातच जाऊन वाढप्याला नीट विचारून मागवण्याचा. तोच ठरला.

चौथा पर्याय कोणाला सुचला नाही : दुपारी हॉटेलला फोन करून, गर्दी नसताना, थेट मालकांशी किंवा आचाऱ्याशी बोलणे. मालकांनी मला नंतर सांगितले, की दुपारी चार ते सहा या वेळेत ते स्वतः गल्ल्यावर असतात आणि असा फोन आला असता तर त्यांनी आचाऱ्याला समोर बसवून प्रत्येक पदार्थ तपासला असता. मला त्यांच्या बोलण्यावर विश्वास आहे. मात्र हेही खरे, की आपल्याकडे हॉटेलला आधी फोन करून खाण्यापिण्याची चौकशी करणे म्हणजे फाजील लाड अशी समजूत आहे, आणि सुनेने सासरच्या मंडळींसमोर असा फोन लावणे तितके सोपे नसते.

टेबलावर काय घडले

रात्री सव्वाआठच्या सुमारास कुटुंब पोहोचले. शनिवार होता, आणि अर्धा तास थांबून जागा मिळाली. ऑर्डर घ्यायला आलेला वाढपी एकोणीस-वीस वर्षांचा, जवळच्याच गावचा. आईने त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले : “दादा, हिला शेंगदाणा अजिबात चालत नाही. एक दाणासुद्धा नको. कशात दाणे आहेत ते आधी विचारून या.” तो आत जाऊन आला आणि म्हणाला, “ताई, कुंग पाओ पनीरमध्ये आहेत, बाकी कशात नाहीत. तेल सोयाबीनचे आहे.” उत्तर बरोबर वाटेल असेच होते, कारण एका पदार्थाचे नाव त्याने स्वतःहून घेतले होते. मुलीसाठी मक्याच्या टॉर्टियातील चीज आणि मक्याचे दाणे घातलेली, बिनतिखटाची केसाडिया मागवली. बाकीच्यांनी सूप, नूडल्स, दोन प्रकारचे टाको आणि आजी-आजोबांसाठी साधा फ्राइड राइस सांगितला.

आत दिलेल्या चिठ्ठीवर वाढप्याने केसाडियाच्या ओळीपुढे लिहिले : ‘दाना नहीं’.

वाढप्याने ‘दाना’ हा शब्द शेंगदाण्यासाठी वापरला. मराठी घरात ‘दाणे आण’ म्हटले की शेंगदाणेच आणतात, त्यात संदिग्धता नाही. आचारी नेपाळचा. स्वयंपाकघरात व्यवहार हिंदीत चालतो. त्याच्या दृष्टीने केसाडियात एकच दाणा होता, मक्याचा. त्याने तो काढला आणि नुसत्या चीजची केसाडिया करून पाठवली. त्याने सूचना तंतोतंत पाळली होती. वाढपी ‘कशात दाणे आहेत’ असे विचारायला गेला, तेव्हाही आचाऱ्याने डोळ्यांसमोर अख्खे दाणे आणून कुंग पाओचे नाव घेतले होते.

ताटली आली. मुलीने पहिला तुकडा उचलला आणि म्हणाली, “आई, यात मका नाहीच.” आई त्या वेळी आजींसाठी सूप गार करत होती. काका म्हणाले, “विसरले असतील, चीज जास्त आहे की, खा.” सगळे हसले. या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा क्षण मी हाच मानते. निरोप वाटेत बदलला आहे, याचा पुरावा टेबलावर येऊन पडला होता, आणि तो मुलीने मोठ्याने वाचूनही दाखवला होता. मागवलेल्या पदार्थातून न सांगितलेली वस्तू गायब होते, तेव्हा सांगितलेली वस्तू खरोखर गेली आहे की नाही, हे विचारायलाच हवे. काकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. माणूस जेवायला बसल्यावर अशा गोष्टीकडे चूक म्हणून पाहतो, इशारा म्हणून पाहत नाही. मीही तेव्हा तेथे असते तर कदाचित तसेच केले असते.

केसाडियाबरोबर एका छोट्या वाटीत फिकट गुलाबी रंगाचे डिप होते. ते कोणी मागवले नव्हते, खाद्यपत्रिकेत त्याचे वेगळे नाव नव्हते, आणि म्हणून त्याच्याविषयी कोणी विचारलेही नव्हते. मुलीने दोन तुकडे त्यात बुडवून खाल्ले.

पुढची पस्तीस मिनिटे

पाच मिनिटांच्या आत मुलीने ओठ चोळायला सुरुवात केली. आईने ताटली बाजूला सारली, तिला चूळ भरायला लावली आणि सेटिरिझिन दिले. मानेवर आणि हातांवर गांधी उठल्या. वडिलांचे मत पडले की औषध दिले आहे, थोडे थांबून पाहावे. पूर्वी लहानपणी असेच झाले होते आणि तासाभरात उतरले होते. आजोबा म्हणाले घरी निघू या. काका दवाखान्याचा आग्रह धरत होते. या चर्चेत दहा मिनिटे गेली. मग मुलीच्या पोटात कळ आली आणि तिला उलटी झाली.

त्वचेवरील लक्षणांना दुसऱ्या अवयवसंस्थेची, म्हणजे पोटाची, श्वासाची वा रक्तदाबाची लक्षणे झपाट्याने येऊन मिळाली, की तो साध्या पित्ताचा प्रकार राहत नाही. त्याला तीव्र अॅलर्जीचा झटका, वैद्यकीय भाषेत अॅनाफिलॅक्सिस म्हणतात. सेटिरिझिनने खाज आणि गांधी कमी होतात. घशाची सूज आणि घसरता रक्तदाब त्याने थांबत नाही. तेथे पहिले औषध एकच, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत दिलेले अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन, आणि ते लवकर देण्यालाच अर्थ असतो. घरात कोणाला हे माहीत नव्हते. तरीही उलटी होताच आईने चर्चा थांबवली आणि ‘आत्ताच्या आत्ता दवाखाना’ असे सांगून मुलीचा हात धरून ती चालू लागली. तिचा निर्णय पूर्ण बरोबर होता.

108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी की स्वतःच्या गाडीने जावे, हा प्रश्न काकांनी उभ्या उभ्या सोडवला. गाडी दारात होती, रुग्णालय दहा मिनिटांवर होते; गाडीनेच गेले. त्या परिस्थितीत मलाही ते योग्य वाटते. एक गोष्ट मात्र चुकली. मुलीला हॉटेलच्या जिन्यावरून आणि पुढे रुग्णालयाच्या आवारात चालवत नेले. अशा झटक्यात रुग्णाला उभे करणे वा चालवणे धोक्याचे असते, कारण रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. आडवे ठेवून पाय वर घ्यावेत, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे, श्वास लागत असेल तर बसू द्यावे, आणि न्यायचेच तर उचलून न्यावे. आठ वर्षांच्या मुलीला उचलायला तीन पुरुष सोबत होते. सांगणारे कोणी नव्हते, एवढेच.

पहिल्या लक्षणापासून सुमारे पस्तीस मिनिटांनी रुग्णालयात इंजेक्शन मिळाले. दहा मिनिटांत उलट्या थांबल्या, आवाजातील घोगरेपणा ओसरला. लक्षणे काही तासांनी पुन्हा उलटू शकतात म्हणून डॉक्टरांनी तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवले. सकाळी ती घरी गेली.

बिलाचे निमित्त

त्या गडबडीत कुटुंबाने बिल दिले नव्हते. कोणी अडवलेही नाही. दुसऱ्या दिवशी घरात दोन मते होती. थोरल्या मुलाचे म्हणणे, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी आणि समाजमाध्यमांवर हॉटेलचे नाव लिहावे. आजोबांचे म्हणणे, आपण जेवलो त्याचे पैसे आधी द्यावेत आणि मग काय ते बोलावे. काका पैसे द्यायला गेले. मालक पैसे घेईनात. काकांनी ते गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाले, “पैसे घ्या, पण मला तुमचे स्वयंपाकघर बघू द्या.”

तोवर सगळ्यांचा संशय तेलावर होता. मालकांनी तेलाचे डबे दाखवले, खरोखर सोयाबीनचे. सॉसच्या बाटल्या आणून ठेवल्या. पाकीटबंद खाद्यपदार्थांवर त्यातील अॅलर्जीकारक घटक छापणे आपल्या कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून त्या वाचून पाहता आल्या. कोणत्याही बाटलीवर शेंगदाण्याची नोंद नव्हती. मग काकांनी गुलाबी डिपविषयी विचारले. आचारी म्हणाला, त्यात मेयोनीज आणि चमचाभर ‘लाल तेल’.

लाल तेल हे मालकांचे स्वतःचे कसब होते, आणि ते सांगताना आजही त्यांचा चेहरा उजळतो. नंदुरबारची सुकी लाल मिरची, लसूण, तीळ, आणि भाजलेल्या दाण्यांचे भरड कूट, हे सारे गरम तेलात मुरवलेले. त्यांनी चिनी मिरचीतेल पाहिले होते, मेक्सिकोच्या साल्सा माचाविषयी वाचले होते, आणि दोन्हींत त्यांना आपल्या आईचा दाण्यांचा ठेचा दिसला होता. त्या तेलाची बरणी ताटल्या सजवण्याच्या ओट्यावर असे आणि तिच्यातला चमचा निम्म्या पदार्थांत फिरत असे. वाढप्याला ती बरणी ‘पदार्थ’ वाटत नव्हती, म्हणून त्याच्या उत्तरात ती आली नाही.

त्यानंतर ‘दाना नहीं’ लिहिलेली चिठ्ठी कालच्या गठ्ठ्यातून सापडली. मालकांनी आचाऱ्याला ती वाचायला दिली, आणि मक्याचा उलगडा झाला.

निर्णयांचा मागोवा

कुटुंबाने तक्रार केली नाही. थोरल्या मुलाला ते अजूनही पूर्ण पटलेले नाही, आणि त्याची चीड मी समजू शकते. कायद्याच्या अंगाने पाहिले तर, केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थांतील अॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी लागते. एकाच ठिकाणी चालणाऱ्या अशा छोट्या हॉटेलावर हे बंधन नाही. म्हणजे ज्या हॉटेलांत आपण सर्वसाधारणपणे जेवतो, तेथे विचारणे आणि सांगणे यावरच सगळी भिस्त आहे. म्हणूनच प्रश्न कसा विचारला याला मी इतके महत्त्व देते.

आईने विचारलेला प्रश्न, ‘कशात दाणे आहेत’, हा घरच्या स्वयंपाकघरात पुरेसा असतो, कारण तेथे विचारणारी आणि करणारी एकाच भाषेत विचार करतात. हॉटेलात तोच प्रश्न वाढप्याच्या मराठीतून चिठ्ठीवरच्या हिंदीत आणि तेथून आचाऱ्याच्या समजुतीत गेला. नेपाळीत शेंगदाण्याला ‘बदाम’ म्हणण्याची रीत आहे, हे मला त्या आचाऱ्याकडून कळले. म्हणजे ‘बदाम नको’ म्हटले असते तरी आणखी वेगळाच घोळ झाला असता. ‘नट्स’ हा इंग्रजी शब्दही उपयोगाचा नाही, कारण तो ऐकून आचारी काजू-बदाम काढतो, आणि शेंगदाणा तर वनस्पतिशास्त्राप्रमाणे हरभरा-मुगाच्या कुळातला. हिंदीत ‘मूंगफली’ हा शब्द निःसंदिग्ध आहे. तो वापरावा, वाढप्याकडून चिठ्ठीवर तोच लिहून घ्यावा आणि लिहिलेले एकदा पाहावे. त्याहूनही चांगले म्हणजे मालकांना वा मुख्य आचाऱ्याला टेबलापाशी बोलवावे. गर्दीच्या वेळी हे मागायला संकोच वाटतो, याची मला जाणीव आहे.

दुसरे असे, की पदार्थाविषयी विचारून भागत नाही. त्याबरोबर येणारी चटणी, डिप, वरून भुरभुरलेले, शिंपडलेले, आणि ज्या कढईत, ज्या तळणीत, ज्या सुरीने तो झाला ती भांडी यांविषयी विचारावे लागते. ज्या तेलात आधी दाण्यांचे काही तळले, त्यात नंतर तळलेले बटाटेसुद्धा या मुलीला चालणार नाहीत. चायनीज स्वयंपाकघरात कढई धुण्याऐवजी पाणी मारून, फडक्याने पुसून पुढचा पदार्थ टाकण्याची पद्धत सर्रास असते; कुंग पाओनंतर त्याच कढईत नूडल्स पडल्या असत्या, तर डिप नसतानाही त्रास झाला असता. हातांचेही तेच. जंतुनाशक जेल चोळल्याने शेंगदाण्याची प्रथिने हातावरून जात नाहीत, साबण आणि पाणीच लागते.

डबा नेण्याचा पहिला पर्याय सोडून देणे चुकले का, असे आईने मला विचारले. मी तिला नाही म्हटले. ही मुलगी उद्या वसतिगृहात राहील, मैत्रिणींबरोबर जेवायला जाईल. तेव्हा डबा सोबत नसेल, विचारण्याची सवयच सोबत असेल. चूक हॉटेलात जाण्यात नव्हती. त्रास झालाच तर काय करायचे याची तयारी न करता जाण्यात होती, आणि त्या चुकीचा मोठा वाटा मी आम्हा वैद्यकीय क्षेत्रातील लोकांकडे घेते. पाच वर्षांत या कुटुंबाला कोणीही एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या नव्हत्या.

परिणाम

आता तो कागद आहे. मुलीच्या बालरोगतज्ज्ञांनी कोणत्या लक्षणाला काय करायचे ते मराठीत लिहून दिले; त्याची एक प्रत घरात, एक शाळेत आणि एक आईच्या पिशवीत असते. परदेशात मिळणारे स्वयंचलित अॅड्रेनॅलिन पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी आईवडिलांना आणि काकांना छोटी कुपी व सिरिंज वापरून मांडीत इंजेक्शन देणे शिकवले, वयाप्रमाणे मात्रा लिहून दिली आणि इंजेक्शन दिल्यावरही रुग्णालय गाठायचेच, हे बजावले. खानदेशच्या उन्हाळ्यात ही कुपी उन्हात उभ्या गाडीत राहता कामा नये. आईने तिच्यासाठी छोटी थंड पिशवी घेतली आहे, आणि कुपीची मुदत संपण्याची तारीख आजोबांनी दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवली आहे.

हॉटेलात लाल तेलावरून मालक आणि आचारी यांच्यात आठवडाभर खल चालला. दाणे काढून तीळ वाढवले तर चव जाते, असे आचाऱ्याचे म्हणणे होते, आणि तिळाचीही अॅलर्जी असणारे लोक असतात, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. शेवटी मालकांनी दाण्यांचे लाल तेल ठेवले, पण त्याची बरणी सजावटीच्या ओट्यावरून हलवून स्वतंत्र फळीवर नेली. डिपमध्ये ते घालणे बंद केले. आणि कोणी पथ्य सांगितले तर वेगळी धुतलेली कढई आणि वेगळा कालथा घ्यायचा असा नियम केला. चिठ्ठीवर आता शब्दाबरोबर शेंगेचे छोटे चित्र काढतात. खाद्यपत्रिकेच्या पहिल्या पानावर त्यांनी एक ओळ छापली आहे : ‘आमच्या स्वयंपाकघरात शेंगदाणा वापरला जातो, आपल्याला तो चालत नसेल तर ऑर्डर देण्यापूर्वी मालकांना बोलवा.’ काही पदार्थांपुढे ‘शेंगदाणा नाही’ असे छापावे, हा थोरल्या मुलाचा आग्रह त्यांनी मानला नाही. एकाच ओट्यावर, एकाच तव्यावर काम चालत असताना असे वचन आपण पाळू शकणार नाही, असे ते म्हणाले. मला हा त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

कुटुंब त्या हॉटेलात पुन्हा एकदा जाऊन आले, दिवाळीच्या सुटीत, दुपारी चार वाजता, आधी फोन करून. केसाडियात या वेळी मका होता, आणि तो आहे हे मुलीने तुकडा उघडून पाहिल्यावरच तोंडात घातला. थोरला मुलगा मात्र गेला नाही. तो बाहेर गाडीत बसून राहिला.